आधी सीट, मग चावी

मे महिन्याच्या सुट्टीत आई मला घ्यायला सातारा स्टेशनवर आली. तिच्या हातात गाडीची चावी पाहून मला फार अभिमान वाटला. बाबा फौजेत आहेत आणि त्यांचे पोस्टिंग लांब आहे. पूर्वी ते सुट्टीवर आले की गाडी बाहेर निघायची, एरवी अंगणात झाकलेली असायची. गेल्या वर्षी, वयाच्या चाळिशीत, आई गाडी चालवायला शिकली आणि तिने लायसन्स काढले.

गावाकडे जाताना एका चढावर पुढची एसटी थांबली, म्हणून आईही थांबली. एसटी हलल्यावर निघताना तिचा डावा पाय क्लचवरून निसटला. गाडीने गचका दिला आणि बंद पडली. आईने घाईघाईने पुन्हा क्लच दाबला, तशी गाडी मागे सरकू लागली. मागे ट्रक उभा होता. आईने हँडब्रेक ओढला म्हणून गाडी ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता आणि आई घामाघूम झाली होती.

"मला नाही रे जमत अजून," ती म्हणाली. घरी पोचेपर्यंत मग ती काहीच बोलली नाही.

अंगणात गाडी लागल्यावर मी नीट पाहिले. सीट पार मागे होती आणि आईच्या पाठीमागे सोफ्यावरची जाड उशी होती. माझ्या बाबांची उंची ५ फूट १० इंच आहे आणि आईची ४ फूट ११ इंच. मी विचारले, "आई, तू सीट पुढे का नाही घेतलीस?"

"तुझ्या बाबांनी बसवून ठेवलीय ती. आल्यावर त्यांना अडचण नको."

म्हणजे वर्षभर ती दुसऱ्याच्या मापाच्या जागेवर बसून गाडी चालवत होती आणि दोष स्वतःला देत होती. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून जे केले, ते सगळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे लिहीत आहे.

बसणे इतके महत्त्वाचे का?

आपण रेंजवर पॉइंट टू टू रायफल चालवतो तेव्हा उस्ताद आधी पोझिशन तपासतात. शरीर वाकडे असेल आणि हाताच्या जोराने नळी निशाण्यावर आणली असेल, तर थोड्या वेळाने हात थरथरतो आणि गोळी भलतीकडे जाते. आधी शरीर नीट लावायचे, म्हणजे स्नायूंना जोर न लावता रायफल निशाण्यावर राहते.

गाडीतही हेच आहे. पाय पुरत नसेल तर माणूस सीटवरून पुढे घसरतो. पाठीचा टेकू सुटला की कंबर आणि मान सगळा भार घेतात. तास-दीड तासाने पाठ दुखते, लक्ष उडते आणि ब्रेकवर पाय जायला उशीर होतो. असे अवघडून बसण्यात सहनशक्तीची परीक्षा नाही, धोका आहे.

एकच सीट सगळ्यांना बसेल, असे एके काळी अमेरिकेच्या हवाई दलालाही वाटत होते. विमानाची कॉकपिट 'सरासरी' वैमानिकाच्या मापाने बनवली जात असे. १९५० साली तिथे चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापे घेण्यात आली. लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे निवडून ४,०६३ वैमानिक तपासले. दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक सापडला नाही! त्यानंतर माणसाला जागेत बसवण्याऐवजी जागा माणसाप्रमाणे बदलता यावी, असा आग्रह हवाई दलाने धरला. सीट आणि पॅडल पुढे-मागे होऊ लागली. आपल्या गाडीच्या सीटखालचा दांडाही त्याच कामासाठी आहे, पण बरेच जण गाडी घेतल्या दिवसानंतर त्याला हात लावत नाहीत.

सीट कशी लावावी?

गेल्या टर्ममध्ये एम.टी. सेक्शनच्या उस्तादांनी आम्हाला शाळेच्या गाडीत हा क्रम दाखवला होता. मी पंधरा वर्षांचा आहे आणि कार चालवण्याचे लायसन्स अठराव्या वर्षी मिळते, त्यामुळे ड्रायव्हरच्या जागी आईच बसली. मी बाहेर उभा राहून सांगत होतो. गाडी सपाट जागी होती, हँडब्रेक ओढलेला होता आणि इंजिन बंद होते.

१. आधी नीट बसा. मागच्या खिशातले पाकीट काढा, नाहीतर एक बाजू उचललेली राहते. कंबर सीटच्या कोपऱ्यापर्यंत मागे न्या. पाठीमागची जाड उशी काढून टाका. ती इकडेतिकडे सरकते आणि तिच्यामुळे सीटबेल्टही अंगाला घट्ट बसत नाही.

२. अंतर. क्लच तळापर्यंत दाबा. तेव्हा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे आणि कंबर सीटवरून हलता कामा नये. ब्रेकही जोरात दाबून पाहा. सीट लावल्यावर अंग पुढे-मागे हलवून ती खटक्यात पक्की बसली का, याची खात्री करा.

३. उंची. पुढचा रस्ता बॉनेटच्या वरून स्वच्छ दिसावा आणि डोके छताला लागू नये. कंबर गुडघ्याच्या पातळीत किंवा किंचित वर असावी. गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यांत दोन-तीन बोटे जागा हवी, म्हणजे पायाला मुंग्या येत नाहीत. आमच्या गाडीची सीट वर-खाली होत नाही. म्हणून आम्ही आईच्या खाली एक कडक, चपटी गादी ठेवली आणि ती घसरू नये म्हणून सीटला बांधली. मऊ उशी चालत नाही, ती दबते.

४. सीटची पाठ. ती काटकोनापेक्षा थोडी मागे कललेली असावी. फार मागे टाकली की मान पुढे काढावी लागते. खांदे टेकलेले ठेवून हात सरळ लांब करा. मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे, म्हणजे धरताना कोपर थोडे वाकते. स्टीअरिंग वर-खाली होत असेल तर तेही आताच लावा. मीटर झाकले जाता कामा नयेत.

५. एअरबॅगचे अंतर. छातीचे हाड आणि स्टीअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे दहा इंच, जागा हवी. एअरबॅग पापणी लवण्याच्या आत फुगते, त्यामुळे स्टीअरिंगला चिकटून बसणाऱ्याला तिच्याचमुळे इजा होऊ शकते. आईची सीट पुढे घेतल्यावर हे अंतर कमी पडले. मग सीटची पाठ थोडी मागे केली आणि पट्टीने मोजले, तेव्हा साडेदहा इंच भरले.

६. हेडरेस्ट. ते मानेमागे नको, डोक्यामागे हवे. त्याची वरची कड डोक्याच्या उंचीला यावी, निदान कानांच्या खाली तरी नसावी. मागून धक्का बसला तर डोके झटक्याने मागे जाते, ते अडवण्यासाठी हेडरेस्ट असते. म्हणून डोके आणि हेडरेस्ट यांत जितके कमी अंतर तितके चांगले.

७. सीटबेल्ट आणि आरसे. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. वरचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मध्यावरून यावा. आरसे सगळ्यात शेवटी लावा, कारण सीट हलली की आधी लावलेले आरसे निरुपयोगी होतात.

एक नियम कधीही मोडू नये. चालत्या गाडीत सीट हलवायची नाही. दांडा उचलल्यावर सीट अचानक मागे गेली तर पाय ब्रेकपर्यंत पोचणार नाही. आणि सीट कितीही छान लावली, तरी लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून उतरावे आणि चार पावले चालावे.

पुढे काय झाले?

दुसऱ्या दिवशी आई त्याच चढावर गाडी घेऊन गेली. मुद्दाम मध्ये थांबली, हँडब्रेक ओढला आणि पुन्हा निघाली. गाडी एक इंचही मागे आली नाही. तिने तसे तीनदा केले. परत येताना ती म्हणाली, "वर्षभर मला वाटत होतं, आपल्याला हे येणारच नाही." ऐकून मला वाईट वाटले. आम्ही घरचे सगळे तिला 'सावकाश चालव' एवढेच सांगत आलो होतो. ती कशी बसते, हे कोणीच पाहिले नव्हते.

बाबांची काळजीही आम्ही सोडवली. सीट पार मागून पुढे घेताना किती खटके वाजतात ते मोजले. आईचे सहा खटके झाले. सीटखालच्या पट्टीवर तिने नेलपॉलिशने एक लाल ठिपका केला. आता कोणीही बसले तरी आईची जागा पाच सेकंदांत परत लावता येते.

जूनमध्ये मी शाळेत परतलो आणि नंतर बाबा सुट्टीवर घरी आले. रविवारच्या फोनवर आईने मला सगळे सांगितले. बाबा गाडीत बसायला गेले आणि त्यांचे गुडघे स्टीअरिंगला अडले.

"सीट कोणी हलवली?" त्यांनी विचारले.

"मी," आई म्हणाली. "तुम्ही तुमच्या मापाने लावून घ्या. पण जाताना लाल ठिपक्यावर आणून ठेवा."

बाबांनी खरोखर तशीच ठेवली. घरी एकापेक्षा जास्त माणसे गाडी चालवत असतील, तर माझ्या मित्रांनी येत्या सुट्टीत एवढे एक काम जरूर करावे. अंगणात गाडी उभी असताना आईला, ताईला किंवा आजोबांना ड्रायव्हरच्या जागी बसवा आणि क्लच तळापर्यंत दाबायला सांगा. कंबर सीटवरून हलली, तर सीट त्यांच्या मापाने लावून द्या.