ठेका उरला, गाणे गेले

जोयडा तालुक्यातील नंदिगड्डे हे गाव काळी नदीच्या खोऱ्यातील जंगलात वसलेले आहे. सुपारीच्या बागा, भाताची खाचरे आणि त्यांना लागून रान, असा तो मुलूख. शिमग्याच्या सुमारास एका परिचितांच्या घरी तेथे आमचा मुक्काम होता. रात्रीची जेवणे आटोपून ओसरीवर बसलो असता दरीपलीकडून एक नाद ऐकू येऊ लागला. प्रथम वाटले, कुठे तरी घुमट वाजत असावे. परंतु घुमट वाजवणारा माणूस असतो. तो थकतो, क्षणभर थांबतो, पुन्हा उचल घेतो. हा ठेका मात्र थकण्याचे नाव घेत नव्हता.

घरातला तरुण मुलगा हंगामात गोव्याच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात कामाला असतो. तो म्हणाला, "काका, तो होमस्टेवाल्यांचा डीजे. शनिवारी पाहुणे आले की असाच चालतो." आम्ही विचारले, "हेच का रे ते तुमचे गोवा ट्रान्स?" तो हसला. "गोव्यात आता ट्रान्स मागतो कोण, काका? पाहुण्यांना हिंदी गाणी हवी असतात, नाही तर टेक्नो. ट्रान्सची नुसती पाटी राहिली आहे."

त्या मुलाचे हे सहज उद्गार आमच्या मनात घर करून राहिले. आमच्या भूमीचे नाव धारण करून जगभर फिरलेला हा संगीतप्रकार खरोखरच ओसरू लागला आहे काय? आणि तो ओसरत असेल, तर त्याचा गडगडाट आता जोयड्याच्या रानात कसा येऊन पोहोचला? हे दोन प्रश्न वरकरणी वेगळे दिसतात. आमच्या मते ते एकच आहेत.

प्रथम इतिहास पाहू. साठीच्या दशकाच्या अखेरीस हणजूण, वागातोर आणि शापोरा या बारदेशातील गावांत पाश्चात्त्य तरुणांचे तांडे येऊन राहू लागले. आपल्या समाजातील युद्धाला, पैशाला आणि शिस्तीला कंटाळलेली ही माणसे होती. प्रारंभी त्यांच्या रात्री गिटारीवर आणि रॉक संगीतावर सरत. ऐंशीच्या दशकात युरोपातून यंत्रनिर्मित संगीताच्या ध्वनिफिती येऊ लागल्या. येथील वादक त्यांतील गायनाचे भाग कापून टाकीत आणि उरलेली वाद्यांची लड लांबवीत. उष्ण हवेत तबकड्या वाकड्या होत, म्हणून आधी कॅसेटी आणि पुढे डिजिटल फिती वापरात आल्या. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेला आणि १९७० मध्ये गोव्यात येऊन पोहोचलेला 'गोवा गिल' हा या परंपरेचा सर्वांत ठळक प्रतिनिधी. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे गोव्यातच निधन झाले.

नव्वदीच्या प्रारंभी लंडनमध्ये या संगीताचे व्यवसायात रूपांतर झाले. 'ड्रॅगनफ्लाय', 'टिप' यांसारख्या ध्वनिमुद्रण संस्था निघाल्या. डिसेंबर १९९४ मध्ये पॉल ओकनफोल्ड याने बीबीसीच्या रेडिओ वनवर सादर केलेली 'गोवा मिक्स' ही मैफल लाखो श्रोत्यांपर्यंत गेली, आणि 'गोवा ट्रान्स' हा शब्द रूढ झाला. मिनिटाला एकशेचाळीस ते दीडशे ठोके, त्यांवर एकात एक गुंफलेल्या सुरावटी आणि सात-आठ मिनिटे सावकाश चढत जाणारी रचना, हे तिचे स्वरूप. यांतील पुष्कळ रचनांत कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार यांची जी सलगी ऐकू येते, ती भैरवाची सवय असलेल्या कानाला फारशी परकी वाटू नये.

पुढे जे घडले ते प्रत्येक फॅशनच्या वाट्याला येते. १९९७-९८ पर्यंत बाजारात 'गोवा' या शिक्क्याचा सुळसुळाट झाला. एकाच साच्यातून काढलेल्या रचना दुकानोदुकानी दिसू लागल्या, श्रोता विटला आणि व्यवसाय कोसळला. मूळ प्रवाहाला अनेक फाटे फुटले. कुणी अधिक काळोखे आणि वेगवान संगीत रचू लागले, कुणी सुरावटी गाळून ठेका तेवढा ठेवला. 'सायट्रान्स' या नावाने ओळखले जाणारे हे गोत आज चांगलेच विस्तारलेले आहे. पोर्तुगालमध्ये १९९७ पासून भरणारा 'बूम', हंगेरीतील 'ओझोरा', ब्राझीलमधील 'युनिव्हर्सो पॅरालेल्लो' हे महोत्सव हजारोंच्या गर्दीत पार पडतात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये ज्या मेळाव्यावर हल्ला होऊन साडेतीनशेहून अधिक माणसे मारली गेली, तो मेळावाही याच संगीताचा होता. बेल्जियममध्ये तर २००४ पासून एक संस्था जुन्या, सुरावटींनी भरलेल्या गोवा ट्रान्सचीच नवी ध्वनिमुद्रणे काढीत आली आहे. तेव्हा हा प्रकार मेला, असे म्हणणे खरे नव्हे. तो लहान झाला, विखुरला, पण जगात जिवंत आहे. तो क्षीण झाला तो आपल्या जन्मभूमीत. वागातोरच्या टेकडीवर आजही तो अधूनमधून वाजतो, परंतु किनाऱ्यावरचा हंगाम आता त्याच्यावर चालत नाही.

असे का व्हावे? आमच्या मते याचे एक कारण संगीताच्या घडणीतच आहे. ही मैफल मुळात अख्ख्या रात्रीची होती. मध्यरात्री गडद आणि कठोर सूर, पहाटेच्या सुमारास त्यांचे हलके होत जाणे आणि सूर्य वर आल्यावर मोकळ्या, प्रसन्न सुरावटी, असा तिचा क्रम असे. आपल्याकडे रागांना प्रहर असतात, तसे यालाही होते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास मनाई केली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांचा आधार अधिक दृढ केला. सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत राज्य सरकार देऊ शकते. पहाटेची सवलत कुठेच नाही. पहाटेशिवाय या संगीताचा अर्थच अर्धा उरतो. ते बंद सभागृहात शिरले, तेथे त्याचा प्रवास तुटला आणि हाती राहिला तो केवळ ठेका.

म्हणून कायदा चुकला काय? मुळीच नाही. हणजूण आणि वागातोर ही केवळ पर्यटनस्थळे नव्हेत, ती माणसांची गावे आहेत. तेथे परीक्षेला बसणारी मुले आहेत, अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, पहाटे मासळीच्या बाजाराला निघणाऱ्या बाया आहेत. निवासी भागात रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा घातली गेली ती कुणाच्या आनंदावर विरजण घालण्यासाठी नव्हे. ती मर्यादा कागदावरच राहिली, म्हणून रहिवाशांना वारंवार उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. अमली पदार्थांचा व्यापारही या रात्रींच्या सावलीत वाढला. २००८ च्या फेब्रुवारीत हणजूणच्या किनाऱ्यावर एका पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला, तेव्हा या स्वच्छंदाची किंमत साऱ्या जगाला दिसली. जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये.

दुसरे कारण अर्थकारणाचे. जुन्या काळातील मैफलींच्या कडेला आमच्या गावच्या बाया चटया अंथरून, स्टोव्ह आणि कंदील घेऊन चहा-भजी विकीत बसत. नाचून दमलेला परदेशी त्या चटईवर येऊन टेकत असे. कुणी खोली भाड्याने देई, कुणी मोटारसायकलवर प्रवासी नेई. या व्यवहारात नैतिक उन्नती होती असे आम्ही म्हणत नाही, पण गावाच्या हातात चार पैसे पडत. पुढे भिंती आल्या, प्रवेशपत्रिका आल्या, दारावर पहारेकरी आले, आणि चटई बाहेर राहिली. २००७ मध्ये कांदोळीला 'सनबर्न' हा भव्य महोत्सव सुरू झाला. तो २०१६ मध्ये पुण्याला गेला, नंतर परतला आणि २०२४ मध्ये पेडण्यातील धारगळ येथे स्थानिक विरोधाला तोंड देत भरला. पण त्याच्या व्यासपीठावरचे मुख्य संगीत गोवा ट्रान्सच्या वंशातले नाही. जगात कोठेही वाजू शकेल असे ते संगीत आहे. गोवा हे तेथे केवळ पत्त्यापुरते.

नंदिगड्ड्याच्या ओसरीवर ऐकलेल्या आवाजाचा उलगडा येथे होतो. दांडेली, गणेशगुडी आणि जोयडा या परिसरात काळीच्या पात्रातील नौकानयनाभोवती रिसॉर्ट आणि होमस्टे उभे राहिले. तेथे येणारा पाहुणा शहरातला असतो आणि मौज म्हणजे काय याची गोव्याने बनवलेली कल्पना तो बरोबर घेऊन येतो. संगीत किनाऱ्यावरच राहिले. घाट चढून वर आली ती केवळ सवय, म्हणजे रात्र झाली की आवाज मोठा करायचा ही सवय. जोयड्यातील अनेक तरुण पोटासाठी गोव्याच्या हॉटेलांत जातात. सुटीत घरी परतल्यावरही तोच आवाज कानी यावा, यापरते त्यांचे दुर्दैव कोणते?

आणि हा प्रश्न केवळ माणसांच्या झोपेचा नाही. हा सारा टापू काळी व्याघ्र प्रकल्पाच्या आतबाहेरचा आहे. दांडेलीच्या परिसरात धनेशाच्या चार जाती आढळतात, आणि त्यांच्यासाठी २०११ मध्ये स्वतंत्र संरक्षित क्षेत्र घोषित झाले. पर्यटकांचा हंगाम भरात असतो, त्याच महिन्यांत धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पिले वाढेपर्यंत तिला व पिलांना नरच चारा भरवतो. आवाज असह्य झाला तर माणूस उठून दुसऱ्या खोलीत जाईल. त्या मादीला जाता येत नाही.

नव्या पिढीने नवे संगीत ऐकू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्या प्रकाराने आमच्या किनाऱ्यावरून जगाला काही दिले, त्याची हेटाळणी करणे हा करंटेपणा ठरेल. उलट गोवा सरकारने त्या काळातील ध्वनिफिती, छायाचित्रे आणि जाणत्या माणसांच्या आठवणी वेळीच जमवून एक संग्रह उभारावा, अशी आमची सूचना आहे. युरोपातील छांदिष्ट जे जतन करतात ते येथे जतन होऊ नये, यात भूषण नाही. त्या आठवणींत परदेशी वादकांप्रमाणेच चटईवर रात्र जागवणाऱ्या आमच्या बायांनाही स्थान मिळाले पाहिजे.

जोयड्यापुरते बोलायचे, तर उपाय अवघड नाहीत. नियम २००० सालापासून अस्तित्वात आहेत, त्यांची अंमलबजावणी तेवढी हवी. होमस्टेला ना हरकत दाखला देताना ग्रामपंचायतींनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लागणार नाही ही अट घालावी आणि ती मोडणाऱ्याचा दाखला रोखावा. वनखाते, पोलीस आणि तालुका प्रशासन यांनी तक्रारीची वाट न पाहता शनिवारच्या रात्री फेरी मारावी. शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करणे लहान गावात किती कठीण असते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हा भार एकट्यादुकट्या घरावर टाकू नये, ग्रामसभेने उचलावा. होमस्टे चालवणाऱ्यांनीही स्वतःला एक प्रश्न विचारावा. रानातली शांतता हाच ज्यांचा माल, त्यांनी ती आपल्याच हाताने का मोडावी?

गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला वारसावाद्याचा मान दिला. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आली, तेव्हा हे वाद्य संपले असे अनेकांना वाटले होते. वाजवणाऱ्यांनी बकऱ्याचे कातडे चढवले आणि आरतीला, शिमग्याला ते पुन्हा घुमू लागले. कायद्यामुळे ते मेले नाही, कारण ते बाजाराच्या आधाराने उभे नव्हते. घराघरांत त्याला वाजवणारे हात होते. गोवा ट्रान्सला आमच्या भूमीत असे हात लाभले नाहीत. आम्ही जागा दिली, चहा दिला, नाव दिले; ते संगीत आमचे कधी झाले नाही. म्हणून बाजार उठताच ते उठून गेले.

त्या रात्री नंदिगड्ड्यात दरीपलीकडचा ठेका दीड वाजता थांबला. मग रातकिड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि बऱ्याच वेळाने ओहोळाच्या पाण्याचा. तोवर ते पाणी वाहत नव्हते, असे थोडेच होते!