कलेजी कुत्र्याने खाल्ली, गाठ माणसाला

मूल झोपेत कराकरा दात खायला लागलं की घरात दोन आरोपी ठरलेले असतात: गोड आणि कुत्रा. गुळाचा डबा वरच्या फळीवर जातो, कुत्र्याला अंगणात बांधतात. खरं तर गोड खाऊन जंत होत नाहीत, आणि दात खाण्यावरून जंतांचं निदानही होत नाही. रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे, पांढऱ्या दोऱ्यासारखे सूत्रकृमी तर कुत्र्याला होतच नाहीत. ते माणसाकडून माणसाकडे जातात, नखांतून आणि अंथरुणा-पांघरुणांतून. कुत्र्याला औषध पाजून ते हटणार नाहीत. घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांना विचारून एकाच वेळी गोळी घ्यावी लागते.

म्हणून कुत्रा निर्दोष सुटत नाही. त्याच्याकडून माणसाला येणारे परजीवी आहेत, आणि त्यांतले काही चांगलेच गंभीर. पण प्रत्येकाची वाट वेगळी, आणि आपण बहुतेक वेळा भलत्याच वाटेवर पहारा देत बसतो.

“कुत्र्याने तोंड चाटलं की जंत होतात.” कुत्र्याच्या गोलकृमीचं, म्हणजे टॉक्सोकारा कॅनिसचं, काय होतं ते पाहू. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पण ताजी अंडी कुणाला बाधत नाहीत. त्यांच्यात अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे जातात. त्यानंतर मात्र ती मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकून राहतात. घरच्या कुत्र्याच्या लाडापेक्षा सोसायटीच्या बागेतली वाळू जास्त घातक ठरते ती यामुळे. माती तोंडात घालण्याच्या वयातल्या मुलांना तर विशेष. विष्ठा त्याच दिवशी उचलली तर प्रश्न तिथेच मिटतो. चाटणं चांगलं असं मी म्हणत नाही, पण लाड बंद करून विष्ठा तशीच पडू देणं हे उफराटं आहे.

“आमचं पिल्लू घरातच वाढलंय, त्याला कुठले जंत?” आईचे. कुत्रीच्या शरीरात सुप्त पडलेल्या अळ्या गाभणपणी जाग्या होतात आणि पिल्लांपर्यंत पोटातच पोहोचतात. बाकीच्या अळ्या आईच्या दुधातून जातात. म्हणून पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की जंतांचं औषध सुरू करतात, आणि सोबत त्याच्या आईलाही देतात.

हा जंत माणसात वाढून मोठा होत नाही. अळी यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात भटकत राहते. अंडी घालणारा जंतच आतड्यात नसतो, त्यामुळे शौचाच्या तपासणीत काही सापडत नाही आणि लोक निर्धास्त होतात. निदानाला रक्ताची तपासणी लागते. १९५० मध्ये अमेरिकेतल्या हेलेनर वाइल्डर यांनी मुलांचे काढून टाकलेले डोळे सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासले. त्यांतले बरेचसे कर्करोगाच्या शंकेने काढलेले होते. अनेकांत निघाल्या त्या कृमीच्या अळ्या.

आता ज्याची धास्ती खरंच बाळगावी तो आजार: हायडॅटिड, म्हणजे यकृतात किंवा फुप्फुसात वाढणारी पाण्याची गाठ. इथे गैरसमज अगदी उलट्या टोकाचा आहे. बोकड कापल्यावर कलेजीत किंवा फुप्फुसात पाण्याचे फोड दिसले की ती माणसाने खाऊ नये असं सगळ्यांना वाटतं, म्हणून ती कुत्र्यापुढे टाकतात. पण तो फोड पोटात गेल्याने माणसाला हा आजार होत नाही. कुत्र्याने खाल्ला तरच साखळी पुढे सरकते. फोडातल्या सूक्ष्म डोक्यांपासून कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकोकस नावाचे पट्टकृमी तयार होतात. लांबी जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर, संख्या कधी हजारोंत. कुत्रा मात्र ठणठणीत दिसतो. सहा-सात आठवड्यांनी अंडी बाहेर पडू लागतात, आणि ही अंडी गोलकृमीसारखी थांबत नाहीत. बाहेर पडताच बाधू शकतात. ती केसांना चिकटतात, गवतात पडतात, भाजीवर येतात. गवतातून मेंढराच्या पोटात गेली की पुन्हा फोड. माणसाच्या हातातून तोंडात गेली की गाठ माणसाला. जन्मभर मांसाला न शिवलेल्यालाही ती होऊ शकते.

गाठ वर्षानुवर्षं सावकाश वाढते, बहुतेकदा यकृतात. कुणी भलत्याच समजुतीने तिच्यात सुई घातली आणि आतलं पाणी पोटात सांडलं, तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. म्हणून सोनोग्राफीत यकृताची गाठ दिसली तर घरात कुत्रा आहे का, मेंढरांशी संबंध येतो का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यांपेक्षा ते उपयोगी पडतं.

ही साखळी तुटते, याचा दाखला आइसलँडने दिला. मेंढ्या आणि कुत्रे दोन्ही भरपूर असलेल्या त्या देशात हा रोग घरोघर होता. डेन्मार्कचे हाराल्ड क्राबे १८६३ मध्ये तिथे गेले, कुत्रे तपासले, आणि पुढच्याच वर्षी त्यांची साध्या भाषेतली पुस्तिका लोकांत फुकट वाटली गेली. फोड असलेले अवयव जाळा किंवा पुरा, कुत्र्यांना औषध द्या. मग कायदे आले, आणि काही दशकांत रोग जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे जत्रेत बोकड कापल्यावर उरलेली आतडी-फुप्फुसं कुत्र्यांना टाकणं अजून पुण्याचं काम मानलं जातं.

बाकीच्या समजुती झटपट. कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर तो पिसवांतून आलेला पट्टकृमी असतो. संसर्ग झालेली पिसू गिळली गेली तरच तो माणसाला होतो, म्हणून औषध पिसवांवरही हवं. कुत्रा ढुंगण घासत चालतो तेव्हा कारण जंतांपेक्षा तिथल्या भरलेल्या ग्रंथी असणं जास्त संभवतं. कुत्र्याच्या अंकुशकृमीची अळी वाळूत अनवाणी चालणाऱ्याच्या त्वचेत शिरून लाल, वळणावळणाची खाजरी रेघ उठवते. तिला तोंडाची गरजच नाही. आणि लसणाने जंत पडतात म्हणून कुत्र्याला लसूण चारू नका. लसूण आणि कांदा त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात.

शाळेत १० फेब्रुवारीला मिळणाऱ्या अल्बेंडाझोलच्या गोळीबद्दलही असाच गैरसमज आहे. ती माणसाच्या आतड्यातल्या जंतांसाठी आहे. डोळ्यातली अळी किंवा यकृतातली गाठ त्या एका गोळीने जात नाही. उरलेली गोळी कुत्र्यालाही देऊ नका. त्याचा डोस वजनावर ठरतो, आणि जंतांच्या प्रत्येक औषधाने पट्टकृमी मरत नाहीत. हायडॅटिडच्या कृमीसाठी प्राझिक्वांटेल लागतं. पशुवैद्यांकडून औषध घेताना त्यात ते आहे का, एवढं विचारून घ्या.