खतावणी, पासबुक आणि सभासद

लेखापरीक्षक आले की सगळ्यात आधी रोकड मोजतात. चहा नंतर, खुशाली त्याहून नंतर. मालगुंडच्या एका पतसंस्थेत हे काम बघायला मी परवानगी घेऊन बसलो होतो. जुलै महिना, बाहेर कोकणातला पाऊस, मासेमारी बंदी चालू म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आंब्याचे पैसे मे महिन्यात येऊन गेलेले. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक व्यवस्थापकाकडे आणि एक रोखपालाकडे. दोघं हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. उघडल्यावर नोटा टेबलावर आल्या, पाचशेच्या, दोनशेच्या, शंभराच्या गड्ड्या वेगळ्या झाल्या आणि लेखापरीक्षकांनी प्रत्येक गड्डी स्वतः मोजली. मशीन बाजूलाच होतं, तरीही. मग आदल्या दिवशीची रोजकीर्द उघडून तिची अखेरची शिल्लक मोजलेल्या रकमेशी पडताळली. रक्कम जुळली. तरी त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. हाती किती रोकड ठेवायची याची मर्यादा संचालक मंडळानं ठरावानं घातलेली असते. ती वर्षभरात किती वेळा ओलांडली गेली, हे त्यांनी पानं उलटत टिपून घेतलं. रोकड जुळणं आणि रोकड मर्यादेत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गैरव्यवहाराची सुरुवात बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीतून होते, कारण जी रक्कम रोज तिजोरीत पडून असल्याचं दाखवलं जातं, ती खरोखरच तिथे आहे की नाही हे रोज कोणी बघत नाही.

गणपतीपुळ्याहून केशवसुतांच्या स्मारकाकडे जाणाऱ्या पर्यटकाला अशा संस्थेची पाटी दिसतही नसेल. पण मालगुंड, नेवरे, वरवडे, जयगड या पट्ट्यात छोट्या माणसाचा पैसा इथेच फिरतो. होडीचं इंजिन, पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, बागेची फवारणी, लेकीचं लग्न. राष्ट्रीयीकृत बँकेत ज्या कामाला चार फेऱ्या पडतात, ते काम इथे ओळखीनं आणि दोन जामीनदारांवर होतं. ही ओळख पतसंस्थेचं बळ आहे. नेमकी याच ओळखीवर देखरेख ठेवावी लागते.

दुपारी सोनेतारणाची पाकिटं निघाली. प्रत्येक पाकिटावर कर्ज क्रमांक, नाव, तारीख, ढोबळ वजन, निव्वळ वजन आणि कर्जदाराची सही. लेखापरीक्षकांनी यादीतून मधलीच काही नावं निवडली. व्यवस्थापक वरची पाकिटं पुढे करत होते, ती त्यांनी बाजूला ठेवायला सांगितली. दागिन्यांची मूळ पारख करणाऱ्या सराफाला न बोलावता रत्नागिरीहून दुसरा सराफ आणला होता. ज्यानं पहिल्यांदा किंमत लावली, त्यानंच ती पुन्हा तपासली तर तपासणीला अर्थ उरत नाही. सील फोडलं की आतून एखादी बोरमाळ, पाटल्यांची जोडी, लहान मुलाची अंगठी. सराफ कसोटीवर हलकी रेघ ओढी, आम्ल लावी, रेघेचा रंग बघे, मग काट्यावर वजन. वजनाचा आकडा पाकिटावरच्या आकड्याशी जुळला की पाकीट नव्या सीलनं बंद, त्यावर तिघांच्या सह्या आणि तारीख. एका पाकिटात मंगळसूत्र होतं. काळे मणी आणि दोरा वजा करून निव्वळ वजन काढलं आहे का, हे सराफानं दोनदा पाहिलं. त्या खोलीत कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दुसऱ्याच्या घरातलं सोनं हाताळताना बाळगायला हवी ती अदब त्या माणसांकडे होती आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते पिग्मीनं. दैनंदिन ठेवीची ही पद्धत 1928 साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं रोज दोन आण्यांपासून सुरू केली आणि पुढे ती महाराष्ट्रातल्या पतसंस्थांचा कणा झाली. लेखापरीक्षकांनी काही खाती निवडली आणि पिग्मी प्रतिनिधी ताईंबरोबर आम्ही बाजारात निघालो. कागदावरचा खातेउतारा एका हातात, दुकानदाराचं पासबुक दुसऱ्या हातात. एका मासेविक्रेत्या मावशींनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पासबुक काढलं. म्हणाल्या, "ताई पावती देते, पन मला वाचता नाय येत. पोरगा बघतो." त्यांच्या दोन पावत्यांची रक्कम खात्यात तिसऱ्या दिवशी जमा झालेली निघाली. रक्कम किरकोळ, पैसे जमाही झालेले. ताई म्हणाल्या, पावसामुळे त्या दिवशी संस्थेत येता आलं नाही. लेखापरीक्षकांनी आवाज चढवला नाही, पण नोंद केलीच. जमा केलेले पैसे उशिरा भरणं ही पहिली पायरी असते, हे त्यांना इतक्या वर्षांच्या कामातून माहीत होतं. पासबुक आणि खतावणी समोरासमोर ठेवण्याइतकी साधी आणि खात्रीची तपासणी दुसरी नाही. त्यासाठी मात्र पासबुक भरलेलं असावं लागतं. बाजारात पाहिलेल्या पासबुकांपैकी बरीच कित्येक महिने छापलेली नव्हती.

संध्याकाळी कर्जाच्या फाइली. अर्ज, वचनचिठ्ठी, जामीनदारांची कागदपत्रं, तारण असेल तर सातबाऱ्यावर बोजा चढला आहे की नाही. या कामात एक शब्द सारखा कानावर येतो, 'नवं-जुनं'. जुनं कर्ज थकलं की त्याच माणसाला नवं कर्ज द्यायचं आणि त्यातून जुनं फेडलेलं दाखवायचं. कर्जदारानं एक रुपया भरलेला नसतो, तरी थकबाकी नाहीशी होते, व्याज उत्पन्नात धरलं जातं आणि नफा दिसतो. म्हणून लेखापरीक्षक मार्चचा शेवटचा आणि एप्रिलचा पहिला आठवडा बारकाईनं वाचतात. 30 मार्चला फेडलेलं कर्ज 5 एप्रिलला त्याच नावावर पुन्हा उचललेलं असलं की त्यांची पेन्सिल तिथे थांबते. दुसरी थांबण्याची जागा म्हणजे संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांच्या कर्जांची यादी. गावात सगळेच एकमेकांचे कोणीतरी लागतात, त्यामुळे ही यादी करताना नुसतं आडनाव बघून भागत नाही.

या सगळ्या कामामागचा कायदा म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960. कर्झनच्या काळात 1904 साली सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा झाला, तेव्हापासून निबंधक हा अधिकारी या व्यवस्थेच्या मध्यभागी आहे. आज पुण्याला सहकार आयुक्त व निबंधक, कोकण विभागासाठी विभागीय सहनिबंधक, रत्नागिरीत जिल्हा उपनिबंधक आणि तालुक्याला सहायक निबंधक अशी उतरंड आहे. कलम 81 प्रमाणे दरवर्षी लेखापरीक्षण सक्तीचं. लेखापरीक्षक शासनाच्या नामतालिकेवरचा लागतो, पण त्याची नेमणूक सभासदांची वार्षिक सभा करते. तपासणीनंतर संस्थेला अ, ब, क किंवा ड वर्ग मिळतो. दोष निघाले तर कलम 82 प्रमाणे दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. लोक त्याला 'ओ फॉर्म' म्हणतात. निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो आणि लाभांश 15 टक्क्यांच्या वर देता येत नाही.

गडबड मोठी असली तर पुढची कलमं लागतात. कलम 83 ची चौकशी, 88 खाली नुकसानीची जबाबदारी माणसागणिक निश्चित करणं, 78-अ खाली संचालक मंडळ दूर करून प्रशासक नेमणं, आणि शेवटी 102 खाली संस्था अवसायनात. गुन्हा घडल्याचं लेखापरीक्षकाला दिसलं तर निबंधकाला विशेष अहवाल देणं आणि पोलिसांत फिर्याद देणं हेही कायद्यानं त्याचं काम ठरवलं आहे. कर्जदार बुडवत असेल तर कलम 101 चा वसुली दाखला. 'त्याच्यावर एकशे एक झालाय' हे वाक्य गावात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. ठेवीदारांची फसवणूक झाली तर 1999 चा ठेवीदार हितसंरक्षण कायदाही आहे, त्याखाली मालमत्ता जप्त होते. कलमांची कमतरता नाही. पण यातली बहुतेक कलमं नुकसान झाल्यानंतर कामाला येतात, हे मला या व्यवस्थेचं सगळ्यात मोठं उणेपण वाटतं.

शिवाय पाटीवर 'मल्टिस्टेट' असा शब्द असेल तर यातलं जवळजवळ काहीच लागू होत नाही. अशा संस्था 2002 च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली येतात आणि त्यांचा निबंधक दिल्लीला बसतो. रत्नागिरीच्या उपनिबंधकाचा त्यांच्यावर तसा अधिकार चालत नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेत हजारो ठेवीदार अडकले. 2015 मध्ये तिच्यावर अवसायक नेमला गेला. पुढे ठेवीदारांच्या पावत्या कवडीमोलानं घेऊन मोठ्या कर्जदारांची कर्जं वळती केल्याचा आरोप झाला आणि 2021 मध्ये त्या अवसायकालाच पोलिसांनी अटक केली. वाचवायला आलेल्यावरच गुन्हा दाखल होतो, तेव्हा म्हाताऱ्या ठेवीदारानं कुठे जायचं?

आणखी एक गोष्ट मालगुंडच्या बाजारात मी बऱ्याच जणांना विचारली. संस्था बुडाली तर तुमच्या ठेवीला विमा आहे का? बहुतेकांचं उत्तर, 'असेलच की.' तो नाही. बँकेतल्या ठेवीला, त्यात सहकारी बँकाही आल्या, 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. ते ठेव विमा महामंडळ देतं आणि पतसंस्था त्याच्या कक्षेत येत नाहीत. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिनं नावात 'बँक' हा शब्द वापरायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2021 मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं होतं. बिगरसभासदांकडून आणि नाममात्र सभासदांकडून ठेवी घेणं हा बँकिंगचाच व्यवसाय होतो, असंही त्यात म्हटलं होतं. अमेरिकेत पतसंस्थांसारख्याच असलेल्या क्रेडिट युनियनवर 1970 पासून स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा आहे आणि तिथल्या ठेवींना अडीच लाख डॉलरपर्यंत विमा आहे. आपल्याकडे राज्याच्या कायद्यात पतसंस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालून नियामक मंडळ आणि स्थिरीकरण व तरलता सहाय्य निधीची तरतूद केली आहे. दिशा योग्य आहे. पण अडचणीतल्या संस्थेला हात देणारा निधी आणि ठेवीदाराच्या हाती ठरावीक मुदतीत रक्कम ठेवणारा विमा यांत मोठं अंतर आहे. ते अंतर सरकारनं भरून काढायला हवं. पाच-दहा हजारांच्या ठेवी ठेवणाऱ्यांना बँकेतल्या ठेवीदारापेक्षा कमी संरक्षण का, याला मला पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

तोवर काय करायचं, हे त्या मावशींच्या पासबुकानं सांगितलं आहे. लेखापरीक्षक वर्षातून एकदा येणार. सभासद रोज तिथे असतो. कलम 32 प्रमाणे प्रत्येक सभासदाला कार्यालयीन वेळेत संस्थेचे पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, समितीच्या सभासदांची यादी, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात आणि शुल्क भरून त्यांच्या प्रती घेता येतात. मालगुंडच्या त्या संस्थेत गेल्या वर्षी असा अर्ज किती जणांनी केला, असं मी व्यवस्थापकांना विचारलं. ते म्हणाले, "एकानंही नाही. आले असते तर दाखवलं असतं." त्यांच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कोकणात त्याच सुमाराला गणपती येतात आणि मुंबईचा चाकरमानी सभासद गावात असतो. संचालकांनी सभेची तारीख त्याच आठवड्यात धरावी, म्हणजे गणसंख्येअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासानं मोजक्या डोक्यांत उरकण्याची वेळ येणार नाही. आणि सभासदांनी, ठेव शंभराची असो की पाच लाखांची, अहवाल जेवणाआधी वाचावा. लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता आला, मागच्या वर्षी अ असेल आणि यंदा ब असेल तर का, थकबाकी किती, संचालकांच्या नातेवाइकांकडे किती, आणि मागच्या वर्षीचा दोषदुरुस्ती अहवाल पाठवला का, एवढं उभं राहून विचारावं. सभेत मत शेअर्सवर मोजलं जात नाही, एका सभासदाला एकच मत असतं, त्यामुळे मोठ्या ठेवीदाराइतकाच विचारण्याचा हक्क मासे विकणाऱ्या मावशींनाही आहे. हे विचारल्याबद्दल कोणी वाईट मानलं, तर ठेव तिथून काढून घ्या.