मुंबई-दिल्ली : अंतर सव्वा तासाचे, तिकीट सव्वादोन तासांचे!

मुंबई आणि दिल्ली या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. प्रवासी जेट विमान उंचीवर गेल्यानंतर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. या हिशेबाने हा प्रवास १ तास २२ मिनिटांत आटोपायला हवा. तिकिटावर मात्र बहुधा सव्वादोन तासांचा अवधी छापलेला असतो. मधली पाऊण-पाऊण तासाहून अधिक मिनिटे जातात कुठे?

तिकिटावरील वेळ ही आकाशातील वेळ नव्हेच. विमान मुंबईतील आपल्या जागेवरून मागे ढकलले जाते त्या क्षणापासून दिल्लीत चाकांना अडसर लावेपर्यंतचा हा काळ असतो. विमान व्यवसायात त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत. साहजिकच गर्दीच्या वेळी उड्डाणासाठी रांग लागते. दिल्लीत धावपट्ट्या चार आहेत. पण विमानतळाचा पसारा एवढा, की उतरल्यानंतर टर्मिनल गाठण्यातही बराच वेळ जातो.

हवेतही पूर्ण वेग सर्वकाळ मिळत नाही. दिल्लीच्या सुमारे २०० किलोमीटर अलीकडेच विमान खाली येऊ लागते आणि दहा हजार फुटांखाली त्याला ताशी साधारण ४६० किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते. शिवाय मार्गही सरळ रेषेत नसतो. ठरलेले हवाई मार्ग, लष्करी क्षेत्रे आणि उतरण्याच्या रांगेतील घिरट्या यांमुळे किलोमीटर वाढतात. तरीही रेल्वेच्या १,३८४ किलोमीटरपेक्षा हे अंतर कमीच! राजधानी एक्स्प्रेसला त्यासाठी साडेपंधरा तास लागतात.

यात कंपन्यांची थोडी हुशारीही आहे. नियोजित वेळेपासून १५ मिनिटांच्या आत असलेले विमान ‘वेळेवर’ धरले जाते. म्हणून वेळापत्रकातच काही मिनिटे राखून ठेवली जातात. अर्धा तास उशिरा सुटलेले विमान वेळेत पोचले, की प्रवासी वैमानिकाचे कौतुक करतात. पुष्कळदा ते वेळापत्रक आखणाऱ्याचे करायला हवे.

हा आकडा प्रवाशाच्या खिशाशीही निगडित आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द झाल्यास भरपाई ‘ब्लॉक टाइम’वरून ठरते. हा अवधी एक तासापर्यंत असेल, तर पाच हजार, दोन तासांपर्यंत साडेसात हजार आणि त्याहून अधिक असेल, तर दहा हजार रुपये. किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. म्हणजे मुंबई-दिल्ली मार्ग वरच्या टप्प्यात मोडतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर होणार असेल, तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशांना खाणेपिणे देणेही कंपनीवर बंधनकारक आहे.

खराब हवामानासारखे कारण कंपनीच्या आवाक्याबाहेरचे असेल, तर रोख भरपाई मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर दाट धुके उतरते. या दिवसांत सकाळच्या विमानाने जाऊन दिल्लीहून पुढचे विमान पकडायचे असेल, तर दोन उड्डाणांत तीन-चार तासांचे अंतर ठेवलेले बरे. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरापायी हुकलेल्या दुसऱ्या विमानाची जबाबदारी सहसा कोणतीच कंपनी घेत नाही.