रॉटरडॅम : बंदर, बाजार आणि फुटबॉलचे शहर

युरोपच्या सहलीला निघालेले आपले व्यापारी बांधव हॉलंडमध्ये गेले की ॲम्स्टरडॅमला दोन दिवस मुक्काम करतात, कालव्यातून बोटीने फिरतात, ट्युलिपचे मळे पाहतात आणि पॅरिसची गाडी पकडतात. त्या वाटेवर रॉटरडॅम लागते, पण तेथे उतरणारे थोडे. वास्तविक ज्याचे पोट तिजारतीवर किंवा हातच्या कसबावर चालते, त्याने हॉलंडमध्ये एकच शहर पाहायचे ठरवले तर रॉटरडॅम पाहावे. राजवाडे आणि जुन्या हवेल्या येथे फारशा नाहीत. एकदा पार जळून गेलेली बाजारपेठ माणसे पुन्हा कशी उभी करतात, हे मात्र येथे रस्त्यारस्त्यावर दिसते.

कोकणातल्या वाचकांना हे नाव नवे नाही. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतील माणसे जहाजावर नोकरीला होती, तेथे लंडन, हॅम्बुर्गबरोबर रॉटरडॅमचेही नाव निघत असे. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारालाही ते ठाऊक आहे. न्हावाशेवा बंदरातून निघालेले द्राक्षांचे कंटेनर मोठ्या प्रमाणावर याच बंदरात उतरतात आणि तेथून माल युरोपभर जातो.

पंधरा मिनिटांत गेलेला बाजार

१४ मे १९४० रोजी दुपारी, शरणागतीची बोलणी चालू असतानाच, जर्मन विमानांनी रॉटरडॅमच्या मध्यभागावर बॉम्ब टाकले. हल्ला जेमतेम पंधरा मिनिटे चालला, पण त्यातून उठलेल्या आगीने जुने शहर गिळले. हजाराच्या आसपास माणसे दगावली, ऐंशी हजारांवर बेघर झाली. सुमारे २५ हजार घरे आणि दोन हजारांहून अधिक दुकाने गेली. गोदामे, शाळा, चर्च सगळे त्यात आले. सेंट लॉरेन्सचे चर्च जळून पोकळ झाले, पण त्याच्या भिंती आणि मनोरा उभा राहिला. पुढे त्याची दुरुस्ती झाली आणि आज ते पाहता येते. आग जेथपर्यंत पोहोचली ती हद्द फरसबंदीत दिवे बसवून दाखवली आहे. पायाखाली दिवा दिसला की समजावे, याच्या एका बाजूला जुने रॉटरडॅम आणि दुसऱ्या बाजूला नवे.

लोकांनी ढिगारे उपसले आणि ते जुने कालवे बुजवण्यास वापरले. जळालेल्या दुकानदारांसाठी शहराच्या कडेला तात्पुरती दुकाने उभी राहिली, म्हणजे धंदा बंद पडला नाही. नगरपालिकेने जळीत भागातील जमीन ताब्यात घेतली आणि जुन्या अरुंद गल्ल्या जशाच्या तशा न बांधता १९४६ मध्ये नवा आराखडा मंजूर केला.

त्या आराखड्यातून १९५३ मध्ये लाइनबान ही बाजारपेठ उघडली. लाइनबान म्हणजे दोरखंड वळण्याची जागा. जुन्या कारागिरांच्या कामाचे नाव असे पेठेला राहून गेले. ही पेठ व्यापाऱ्याने सावकाश चालत पाहावी. दुकाने दोन मजली, समोर गिऱ्हाईक पावसात भिजू नये म्हणून सलग छप्पर, रस्त्यावर एकही मोटार नाही. मालाच्या गाड्या दुकानांच्या मागच्या रस्त्याने येतात आणि तेथेच माल उतरतो, म्हणजे गिऱ्हाईक आणि हमाल एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. केवळ पायी फिरण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या युरोपातल्या पहिल्या पेठांत हिची गणना होते. आपल्या पेठांत दुपारी टेम्पो अडकला की तासभर गल्लाच बंद होतो, हे ज्याने भोगले आहे त्याला या साध्या युक्तीची किंमत कळेल.

बाजार जळणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. भिवंडीने १९८४ मध्ये आणि मुंबईने १९९२-९३ मध्ये ते पाहिले आहे. रॉटरडॅमच्या दुकानदारांच्या पाठीशी पालिका आणि सरकार उभे होते, हा फरक मोठा आहे आणि तो विसरून चालणार नाही. तरीही एक गोष्ट आपल्या हातातली आहे. तेथे प्रत्येकाने आपापले शटर बदलून पुन्हा बसण्याची घाई केली नाही. सगळ्या पेठेचा विचार एकत्र झाला आणि त्यासाठी वर्षानुवर्षे तात्पुरत्या दुकानात कळ काढावी लागली. युद्धानंतर १९४८ मध्ये या शहराच्या चिन्हावर जे ब्रीद आले, त्याचा अर्थ ‘झुंजीतून अधिक बळकट’ असा आहे.

बंदराची फेरी

रॉटरडॅमचे बंदर शहरापासून समुद्रापर्यंत चाळीस किलोमीटरहून अधिक लांब पसरले आहे. १९६२ पासून २००४ पर्यंत ते जगातले सर्वांत मोठे बंदर मानले जाई. पुढे शांघाय व सिंगापूरने ते मागे टाकले, पण युरोपात आजही त्याचाच पहिला क्रमांक आहे. वीस फुटी मापाने वर्षाला सव्वा कोटीहून अधिक कंटेनर येथे हाताळले जातात. बिनचालक गाड्यांनी कंटेनर वाहणारा धक्का येथे १९९३ मध्येच सुरू झाला. जागा अपुरी पडली तेव्हा समुद्रात वाळूचा भराव टाकून नवी जमीन तयार केली.

हे सर्व पाहण्यासाठी इरॅस्मस पुलाजवळून प्रवासी बोटी सुटतात. सव्वा तासाच्या फेरीत धक्के, क्रेन, गोद्या आणि दुरुस्तीची जहाजे जवळून दिसतात. १९९६ मध्ये झालेल्या या पुलाला त्याच्या आकारावरून लोक ‘हंस’ म्हणतात. बंदर समुद्राकडे सरकत गेले तसे शहराजवळचे जुने धक्के रिकामे पडले. ते ओस पडू न देता तेथे घरे, हॉटेले, संग्रहालये आणली. एका जुन्या गोदामात २०२५ मध्ये ‘फेनिक्स’ हे स्थलांतराचे संग्रहालय उघडले. येथून लाखो माणसे जहाजाने अमेरिकेला गेली आणि जगभरातून माणसे येथे आली, त्याची ही कहाणी आहे.

माल पाठवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे बंदर जितके मोठे, तितकी तपासणी कडक. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश सापडल्याने भारतीय द्राक्षांचे कितीतरी कंटेनर युरोपात अडकले आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले. फळे असोत की मसाले, तेथे बोलण्यापेक्षा चाचणीचा कागद चालतो.

बाजार, खाणे आणि मस्जिद

चर्चजवळच्या बिनेनरोटे चौकात मंगळवारी आणि शनिवारी मोठा आठवडी बाजार भरतो. भाजी, मासळी, कापड, जुने सामान सगळे मिळते. शेजारीच २०१४ मध्ये बांधलेला मार्केटहॉल आहे. प्रचंड कमान, कमानीतच राहण्याची घरे आणि पोटात बाजार. छतावर सुमारे अकरा हजार चौरस मीटरचे फळाफुलांचे चित्र आहे. जवळच तिरप्या ठोकळ्यांसारखी दिसणारी १९८४ सालची ‘घन घरे’ आहेत. त्यातले एक घर आतून पाहता येते.

आपल्या मंडळींनी नदीपलीकडचा, दक्षिण भागातला आफ्रिकानर बाजारही पाहावा. तो बुधवारी आणि शनिवारी भरतो. तुर्की, मोरोक्की, सुरिनामी दुकानदार आणि गिऱ्हाईक येथे दिसतील. सुरिनामच्या मळ्यांवर १८७३ पासून उत्तर हिंदुस्थानातून मजूर नेले गेले. त्यात मुसलमानही होते. त्यांचे वंशज पुढे हॉलंडला आले. म्हणून येथे रोटी आणि मसालेदार रस्सा सहज मिळतो.

या शहराचा आपला म्हणता येईल असा पदार्थ म्हणजे ‘कापसालोन’. या शब्दाचा अर्थ आहे केशकर्तनालय. शेजारच्या शोरमाच्या दुकानातून आपल्या आवडीचे सगळे एकाच डब्यात मागवणाऱ्या एका केशकर्तनकारामुळे २००३ च्या सुमारास तो जन्मला. खाली बटाट्याचे काप, वर शोरमा, वितळलेले चीज आणि कोशिंबीर. आता तो देशभर विकला जातो. तुर्की व मोरोक्की दुकानांत हलाल गोश्त मिळते, तरी विचारून घेणे बरे.

नमाजची सोय चांगली आहे. तुर्की समाजाची मेवलाना मस्जिद २००१ पासून आहे आणि दक्षिण भागातली अस्सलाम मस्जिद २०१० मध्ये खुली झाली. तिचे मिनार सुमारे पन्नास मीटर उंच आहेत. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा मगरिब-इशाच्या वेळा पाहूनच दिवसाचा बेत करावा.

याच शहराचे महापौरपद जानेवारी २००९ ते ऑक्टोबर २०२४ या काळात अहमद अबूतालेब यांच्याकडे होते. मोरोक्कोतल्या खेड्यात एका इमामाच्या घरी जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी हॉलंडला आला, भाषा शिकला, तांत्रिक शिक्षण घेतले, पत्रकारिता केली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये गुलामांच्या व्यापारातील शहराच्या वाट्याबद्दल त्यांनीच शहराच्या वतीने माफी मागितली.

कामगारांचा फुटबॉल

फुटबॉल हा येथे कामगार वस्तीचा जिव्हाळा आहे. फायनूर्ड हा क्लब १९०८ मध्ये गोदीच्या दक्षिण भागात स्थापन झाला. त्याचे मैदान ‘द कॉईप’, म्हणजे टब, १९३७ मध्ये उघडले. सुमारे ४७ हजार माणसे त्यात बसतात. वरचा सज्जा असा बांधला आहे की मधल्या खांबांनी खेळ झाकला जात नाही. ज्या वास्तुशिल्पींनी हे बांधले, त्यांनीच चहा, कॉफी व तंबाखूचा व्हान नेले कारखाना बांधला. भरपूर काचा लावून कामगाराला उजेड आणि हवा देणारा हा कारखाना २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. कारागिराने कारखाना आणि मैदान दोन्ही पाहावे. दोन्हीकडे साध्या माणसाच्या सोयीचा विचार आधी केलेला दिसतो.

१९७० मध्ये सेल्टिकला हरवून युरोपियन कप जिंकणारा फायनूर्ड हा पहिला डच क्लब. २००२ मध्ये याच मैदानावर डॉर्टमुंडला ३-२ ने हरवून त्याने यूएफा कप घेतला. २००० साली युरो स्पर्धेचा अंतिम सामना येथेच झाला आणि झिदानच्या फ्रान्सने इटलीला २-१ असे हरवले. २०१७ आणि २०२३ या दोन्ही वर्षी फायनूर्डने लीगचे अजिंक्यपद मिळवले ते १४ मे रोजी. जी तारीख शहर जळाल्याची, तीच. २०२३ च्या संघाचा कर्णधार होता तुर्की वंशाचा ओर्कुन कोकचू. जल्लोष झाला तो कूलसिंगल रस्त्यावर, बॉम्बहल्ल्यातून बचावलेल्या नगरभवनासमोर.

हंगाम ऑगस्ट ते मे चालतो. फायनूर्डच्या मोठ्या सामन्यांची तिकिटे लवकर संपतात, म्हणून आधीपासून क्लबकडे चौकशी करावी. न मिळाल्यास मैदानाची मार्गदर्शित फेरी घ्यावी, किंवा १८८८ सालच्या स्पार्टा क्लबचा सामना पाहावा.

प्रवासाची माहिती

शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज वेळेवर करावा. स्किपोल विमानतळावरून थेट रेल्वेने अर्ध्या तासात रॉटरडॅम सेंट्रल येते. चलन युरो. ट्राम व मेट्रोत बँकेचे कार्ड लावून प्रवास होतो. लाल फरशीच्या सायकल वाटेवर चालू नये. नदीतल्या बोटीने किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या पाहून येता येतात. सखल जमिनीतले पाणी उपसण्यासाठी त्या बांधल्या होत्या.

तीन दिवस पुरेसे आहेत. एक बंदराला, एक बाजारांना, एक मैदान व कारखान्याला. शनिवार त्यात यावा असा बेत केला तर दोन्ही बाजार एकाच दिवशी होतील. शक्य असल्यास धंद्यात नव्याने बसणाऱ्या मुलाला सोबत न्यावे आणि लाइनबानच्या दुकानांचा दर्शनी भाग पाहून झाला की मागची बाजू त्याला आवर्जून दाखवावी.