कॅडासिल आणि रक्तदाब

आजोबांना पन्नाशीत पक्षाघात, वडिलांनाही तसाच, आणि नातीला तिशीपासून डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघांसह अर्धशिशी. घराण्यात अशी साखळी दिसली, तर ‘कॅडासिल’ या आनुवंशिक आजाराची शंका घ्यावी. या आजाराच्या मुळाशी नॉच-३ जनुकातला बिघाड असल्याचे पॅरिसच्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता ५० टक्के.

मेंदूतल्या बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायुपेशी असतात. रक्तदाब वरखाली झाला, की त्या आकुंचन-प्रसरण पावून रक्तप्रवाह स्थिर ठेवतात. कॅडासिलमध्ये नेमक्या याच पेशी नष्ट होत जातात, भिंती जाड आणि ताठर होतात. याचा परिणाम बुद्धीवर होतो, तरी स्मरणशक्ती बऱ्याचदा पुष्कळ काळ टिकते. आधी मंदावतो तो विचारांचा वेग. महिन्याचा हिशेब जुळवणे, दोन कामे एकदम सांभाळणे जड जाते. घरचे त्याला आळस समजतात.

मूळ दोष दुरुस्त करणारे औषध अजून नाही. उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णांत पक्षाघात अधिक आढळतो, आणि प्रत्येक झटक्यानंतर बुद्धी आणखी ढासळू शकते. धूम्रपानही घातक. दाब आटोक्यात ठेवल्याने ही घसरण थांबते, असे सिद्ध झालेले नाही. तरी तो सांभाळायलाच हवा. मात्र गोळ्या मनाने वाढवू नयेत. दाब फार उतरला, तर या ताठर धमन्यांतून मेंदूला रक्त कमी पडते. उभे राहताना अंधारी येत असेल, तर डॉक्टरांकडून बसून आणि उभ्याने असा दोन्ही वेळचा दाब मोजून घ्यावा.