कानाला मुदत असते

२०२५च्या दिवाळीत भोपाळच्या गल्ल्यांत एक नवे खेळणे आले होते. प्लॅस्टिकचा पाइप, त्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वर थोडे पाणी आणि शेगडी पेटवायचा लायटर. कार्बाइडला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि ठिणगी पडताच स्फोट होतो. या ‘कार्बाइड गन’ने एकट्या भोपाळात शंभराहून अधिक जणांचे डोळे जायबंदी केले. हमीदिया रुग्णालयात आणि एम्समध्ये आलेल्यांत मुलांचा भरणा मोठा होता. मग बंदी आली. चर्चा डोळ्यांची झाली आणि ती रास्तच होती. पण जवळ झालेल्या स्फोटाची दाबलाट कानालाही सोडत नाही. भाजलेला डोळा घरच्यांना लगेच दिसतो, दुखावलेला कान मात्र कुणाच्या नजरेस पडत नाही. म्हणूनच त्याच्या उपचाराला उशीर होतो आणि कानाची अनेक दुखणी या उशिरानेच हाताबाहेर जातात.

पडद्यापासून मेंदूपर्यंत

हवेतला आवाज थेट पाण्यावर आदळला तर त्याच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा हिस्सा आत शिरतो, बाकीचा परततो. आपल्या अंतर्कर्णात द्रव भरलेला असतो, त्यामुळे निसर्गापुढे हीच अडचण होती. ती मधल्या कानाने सोडवली. कानाच्या पडद्याला चिकटलेला हातोडा, त्याला जोडलेली ऐरण आणि शेवटी रिकीब अशी तीन हाडांची साखळी तिथे असते. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, लांबी सुमारे ३ मिलिमीटर. पडद्याचे कंप पावणारे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या जवळजवळ १७ पट असते. मोठ्या पृष्ठावरचा जोर छोट्या पृष्ठावर एकवटतो, त्यात हाडांच्या तरफेची भर पडते आणि दाब वीस-बावीस पट वाढतो.

पुढे अडीच-पावणेतीन वेढ्यांची शंखाकृती नळी, म्हणजे कॉक्लिया. उलगडली तर ३५ मिलिमीटरच्या आसपास भरेल. तिच्या तोंडाशी बारीक, उंच स्वर उमटतात, तर टोकाशी खर्ज. आवाजाची लाट या नळीतल्या पडद्यावरून कशी सरकते हे दाखवणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१चे नोबेल मिळाले. या पडद्यावर एका कानात साधारण साडेपंधरा हजार केशपेशी असतात. त्यांतल्या आतल्या रांगेतल्या साडेतीन हजार पेशी मेंदूला निरोप धाडतात, बाहेरच्या रांगांतल्या पेशी क्षीण आवाज वाढवून देतात. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात. माणसाला जन्माआधी मिळाल्या तेवढ्यावरच आयुष्य काढावे लागते.

फटाका, डीजे आणि कायदा

गवतावरून एकदा चालले तर ते सकाळपर्यंत पुन्हा उभे राहते. रोज चालले तर तिथे पाऊलवाट पडते. केशपेशींचेही तसेच आहे. मिरवणुकीनंतर कानात सूं आवाज येतो, दडे बसल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटते, ही सूचना असते. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास चालतात. पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला ती उरते फक्त पंधरा मिनिटे. स्फोटाला तर मुदतच नाही, एका क्षणात कानाचा पडदा फाटू शकतो. असा फाटलेला पडदा बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. तोवर कान कोरडा ठेवायचा, त्यात तेल किंवा मनाने आणलेले थेंब घालायचे नाहीत आणि तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्यायची.

फटाक्याचा आवाज फुटल्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असा आपला नियम आहे. पोरे चार मीटर दूर उभी राहत नाहीत, ही नियमाच्या बाहेरची गोष्ट. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावर निकाल दिला आणि रात्री दहा ते सकाळी सहा फटाके व ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याची सक्ती पक्की केली. तो देणारे सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी मध्य प्रदेशातल्या गुना इथले. १३ डिसेंबर २०२३ रोजी मुख्यमंत्री मोहन यादव यांनी शपथ घेतल्यावर भोपाळमधून पहिला आदेश काढला तोही मर्यादेबाहेरच्या भोंग्यांविरुद्ध. कायदा तोकडा नाही. तोकडी पडते ती अंमलबजावणी.

पाळण्यातली मुदत

सर्वांत कडक मुदत तान्ह्या बाळाची. जन्मतः बहिरे मूल हसते, रडते, टकमक बघते. घरच्यांना शंका येते ती दोन वर्षांनी, बोल फुटत नाही तेव्हा. तोवर भाषेसाठी मेंदूत राखलेला सुपीक काळ सरत आलेला असतो. १९७८मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवले की निरोगी कान स्वतःही अतिशय क्षीण आवाज बाहेर टाकतो. त्यावरच नवजात बाळाची चाचणी बेतलेली आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी बोंडी ठेवायची, काही मिनिटांत काम होते, बाळाला कळतही नाही. जगभर पाळला जाणारा हिशेब सोपा आहे : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू.

श्रवणयंत्र पुरत नसेल तर कॉक्लियर इम्प्लांट. मेलेल्या केशपेशींना वगळून ते श्रवणनसेला थेट विद्युतसंकेत देते. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून आणि मध्य प्रदेशाच्या बाल श्रवण योजनेतून या महागड्या शस्त्रक्रियेला साहाय्य मिळते. भोपाळच्या एम्समध्ये ती होते. शस्त्रक्रियेनंतर मात्र महिनोन्महिने वाचाउपचार लागतात. ही कामे पाहणाऱ्या मुंबईतल्या बांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेच्या (स्थापना १९८३) अखत्यारीत भोपाळला दिव्यांगांसाठी संयुक्त प्रादेशिक केंद्र चालते.

मोठ्या झालेल्या मुलांत दुखणे बदलते. घसा आणि मधला कान जोडणारी नळी लहानपणी आखूड व आडवी असते, त्यामुळे सर्दी सहज कानात उतरते. ‘कान फुटला, वाहतो, मोठेपणी थांबेल’ म्हणत लोक वर्षे काढतात. सतत आणि घाण वास येणारा स्राव असेल तर आत हाड कुरतडणारी गाठ असू शकते आणि संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

‘ऐकू येते, पण कळत नाही’

१९५६मध्ये मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तिच्याबरोबर सचिवालयातली अनेक मराठी कुटुंबेही गेली. ती पिढी आता पणजोबा-पणजीची झाली आणि तिची मुलेही सत्तरीत आली. म्हातारपणी आधी उंच स्वर जातात. स, श यांसारखी अक्षरे त्यांतच वसलेली. म्हणून आजोबा म्हणतात, ऐकू येते, पण कळत नाही. यावर ओरडणे हा उपाय नाही. समोर बसून सावकाश बोलावे आणि श्रवणयंत्र वेळेवर लावावे. उशीर झाला की माणूस गप्पांतून उठतो, एकटा पडतो. २०२०च्या ‘लॅन्सेट’ आयोगाने बहिरेपण हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या जोखमींत धरले आहे.

एक दुखणे मात्र दिवसांवर मोजायचे. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ‘मळ असेल, सर्दी असेल’ म्हणून थांबू नये. नस दुखावली असेल तर स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच चांगला होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार मुलांमधले जवळजवळ ६० टक्के बहिरेपण टाळता येण्याजोगे आहे. तरीही आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बाळाच्या कानाची तपासणी पालकांच्या माहितीवर आणि नशिबावर सोडलेली आहे. ती प्रत्येक प्रसूतिगृहात सक्तीची झाली पाहिजे. तोवर कुटुंबात बाळ जन्मले तर रुग्णालयातून घरी सोडण्याआधी डॉक्टरांना एवढे विचारा : कानाची तपासणी झाली का?